आटवताना चारही सडांत ट्यूब सोडायचीच का?

प्रश्न : दौंड तालुक्यात आमचा मुक्त संचार गोठा आहे. नऊ एचएफ संकरित गायी आहेत. गाय आटवताना, म्हणजे व्याईआधी तिचं दूध बंद करताना, शेवटची धार काढली की दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची ट्यूब चारही सडांत सोडतो. तरी गेल्या वर्षभरात तीन गायींना व्याल्यावर पंधरा दिवसांच्या आत दगडी (कासदाह) झाली, एकीचा एक सड कायमचा बंद पडला. पुण्याला एका मेळाव्यात ऐकलं की युरोपात अशी सरसकट ट्यूब सोडायला बंदी आली आहे आणि नव्या संशोधनाप्रमाणे ती लागतच नाही. शेजारी म्हणतात, ट्यूब बंद कर आणि कोरफड-हळद लाव. खर्च वाचेल, पण भीती वाटते. ट्यूब बंद करू का? आणि करायची तर कुठल्या गायीची?
— एक पशुपालक, ता. दौंड

उत्तर : सरसकट बंद करू नका. नऊपैकी काही गायींची ट्यूब तुम्हाला नक्की वाचवता येईल, पण त्या कोणत्या हे तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि ज्या गायीची ट्यूब वाचवाल तिच्या सडाचं तोंड दुसऱ्या कशानं तरी बंद करावंच लागेल. मेळाव्यात तुम्ही जे ऐकलं ते खरं आहे, फक्त अर्धं आहे.

युरोपीय संघाचा नवा पशुऔषध कायदा २८ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. निरोगी जनावराला केवळ खबरदारी म्हणून नेहमीच्या सवयीनं प्रतिजैविक देणं त्यानं थांबवलं. नेदरलँड्समध्ये हे त्याच्या दहा वर्षं आधी झालं होतं. त्या वेळी तिथल्या संशोधकांनी एक साधा पण फार उपयोगी प्रयोग केला. ज्या गायींच्या दुधात पेशींची संख्या कमी होती, म्हणजे कास निरोगी दिसत होती, अशा १,६५७ गायी त्यांनी निवडल्या. प्रत्येक गायीच्या दोन सडांत ट्यूब सोडली, दोन तशीच ठेवली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिजैविकांचा वापर खूपच घटला, पण ट्यूब न सोडलेल्या सडांत दगडीचं प्रमाण १.७ पट निघालं. निरोगी गायी निवडूनही!

२०२० साली अमेरिकेतल्या सात गोठ्यांवरचा अभ्यास आला. त्यात निवडक गायींनाच ट्यूब दिली आणि प्रतिजैविक निम्म्याहून जास्त वाचलं. तरी पुढच्या वेतात दगडी वाढली नाही, दूधही घटलं नाही. दोन्हींत फरक कशाचा? अमेरिकेतल्या अभ्यासात प्रत्येक गायीच्या प्रत्येक सडात, ट्यूब असो वा नसो, सीलंट, म्हणजे सडाचं तोंड बंद करणारी पेस्ट, भरलं होतं. नेदरलँड्सच्या प्रयोगात ते नव्हतं. त्यानंतर अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच दिसलं : सीलंट असेल तर निवडक ट्यूब चालते, सीलंट नसेल तर धोका वाढतो. मेळाव्यात ‘ट्यूब लागत नाही’ एवढंच सांगितलं असेल, तर ऐकणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. धार बंद झाली की सडाच्या नळीत केराटिनचं, म्हणजे मेणासारखं बूच तयार होतं. निसर्गानं दिलेलं हे झाकण. पण जास्त दुधाच्या गायींत ते वेळेवर होत नाही. गाय आटवून सहा आठवडे झाले तरी जवळपास एक चतुर्थांश सड उघडे राहतात, असं मोजणीत आढळलं आहे. उघड्या सडाची गाय शेणात बसली की जंतू सरळ वर जातात. ट्यूबमधलं औषध काही आठवडे काम करतं आणि नेमकं व्यायच्या आधीच्या पंधरवड्यात, म्हणजे कास भरायला लागते आणि धोका पुन्हा वाढतो तेव्हा, संपलेलं असतं. सीलंटमध्ये औषध नाहीच. त्यात ६५ टक्के बिस्मथ सबनायट्रेट असलेली लापशीसारखी पेस्ट असते, एका सडाला साधारण ४ ग्रॅम. ती सडाच्या पोकळीत बसते आणि व्याईपर्यंत हलत नाही.

आता तुमच्या गोठ्याचा आकडा पाहू. व्याल्यावर पहिल्या ३० दिवसांत दगडी होणाऱ्या गायी बारात एकीपेक्षा जास्त असतील, तर जंतूंची लागण भाकड काळातच, म्हणजे आटवल्यापासून व्याईपर्यंत, होते आहे असं धरतात. तुमच्याकडे नवात तीन आहेत, आणि त्याही ट्यूब सोडून. म्हणजे ट्यूब हवी की नको, याच्या आधीचा प्रश्न असा की ती काम का करत नाही?

पहिला संशय ट्यूबवरच. रिकामं खोकं काढून वाचा. दुधातल्या गायीची ट्यूब आणि आटवताना सोडायची ट्यूब वेगवेगळ्या असतात. पहिलीतलं औषध एक-दोन दिवसांत कासेतून निघून जावं अशीच तिची रचना असते, म्हणजे दूध लवकर विकता येतं. दुसरीतलं औषध, उदाहरणार्थ क्लॉक्सासिलीन बेन्झाथिन, हळूहळू सुटत कित्येक आठवडे टिकतं. दुकानात ‘दगडीची ट्यूब द्या’ म्हटलं की बहुधा पहिलीच हातात पडते. ती आटवताना सोडली, तर ६० दिवसांपैकी जवळपास ५८ दिवस सड रिकामा. स्नायूत द्यायचं इंजेक्शन सिरिंजने सडात सोडण्याची पद्धतही काही गोठ्यांत दिसते. ते औषध सडासाठी बनवलेलं नाही, आणि त्या सिरिंजबरोबर आत जाणारी घाण औषधाहून भारी पडते. हे कधीही करू नका.

दुसरा संशय शेवटच्या धारेवर. गाय आटवण्याच्या दिवशी ती किती दूध देत होती? अमेरिकेतल्या एका अभ्यासात आटवतानाचं दूध १२.५ किलोच्या वर गेलं, की त्यापुढच्या प्रत्येक ५ किलोला व्याईच्या वेळी कासेत जंतू सापडण्याची शक्यता ७७ टक्क्यांनी वाढत गेली. आतल्या दाबानं सड ठिबकतो, ठिबकणाऱ्या सडाला बूच लागत नाही. म्हणून पंधरा दिवस आधीपासून खुराक कमी करत न्या, शेवटच्या आठवड्यात तो बंदच करा. हिरव्याऐवजी कडबा वाढवा, मुरघास थांबवा. शेवटचे सात दिवस एकच वेळ धार काढा. दूध १२ लिटरच्या आत आलं की एका ठरलेल्या दिवशी पूर्ण धार काढून थांबा. पाणी मात्र तोडू नका. दूध लवकर आटावं म्हणून पाणी तोडतात, आणि आपल्याकडच्या मार्च ते मेच्या उन्हात त्यानं दुधाआधी गायच आटते.

दिवस कसा ठरवायचा? रेतनाची तारीख वहीत हवी. त्यात २८० दिवस मिळवा, ती व्याईची अंदाजे तारीख. तिच्या ६० दिवस आधी गाय आटवा. चाळीसपेक्षा कमी दिवस मिळाले तर कासेला नवं होण्याइतका वेळ मिळत नाही, पुढच्या वेतात दूध घटतं.

आता निवड. परदेशात ती दर महिन्याच्या पेशीमोजणीवर होते. मिलिलिटरमागे दोन लाख पेशी ही तिथली नेहमीची सीमा. नेदरलँड्सनं ती पहिलारूसाठी दीड लाख आणि त्यापुढच्या वेताच्या गायींसाठी अवघी ५० हजार धरली. तुमच्याकडे ती सोय नसेल, तरी तीन गोष्टी आहेत : वही, डोळे आणि सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दुधात द्रावण घालून लपलेली दगडी ओळखायची गोठ्यातली चाचणी).

वहीत पाहा, या वेतात गायीला दगडी किती वेळा झाली. अमेरिकेच्या अभ्यासात दोनदा झालेल्या गायीला ट्यूब ठरलेलीच होती. नऊ गायींच्या गोठ्यात आम्ही एकदा झालेल्या गायीलाही सूट देणार नाही. तुमच्या त्या तीन गायी म्हणजे आपोआप ट्यूबवाल्या. राहिल्या सहा. त्यांची सीएमटी दोनदा करा, आटवायच्या पंधरा दिवस आधी आणि आटवायच्या दिवशी. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग पॅडलच्या चार वाट्यांत चारही सडांचं २ ते ३ मिलि दूध घ्या. तेवढंच द्रावण घाला आणि पॅडल आडवं ठेवून दहा सेकंद गोल फिरवा. वीस सेकंदांच्या आत निकाल वाचा, नंतर तो फिका पडतो. पाण्यासारखं वाहिलं तर ठीक. तळाशी किंचित ओशट रेघा उमटून फिरवताना नाहीशा झाल्या तरी आटवताना तो सड संशयितच धरा. जेली झाली तर प्रश्नच मिटला.

सीएमटीचं द्रावण हाताशी नसेल तर अर्ध्या लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. हे ३ टक्क्यांचं द्रावण दुधाइतकंच घेऊन तशीच परीक्षा होते, निकाल मिनिटभरात दिसतो. गोठ्याच्या पातळीवर ती चांगली चालते. मात्र गाय पाच लिटरच्या खाली आली असेल तर कोणतीही अशी परीक्षा खोटा दोष दाखवू शकते, कारण कमी दुधात पेशी दाटतात. म्हणूनच पंधरा दिवस आधीची पहिली तपासणी महत्त्वाची.

चारपैकी एकही सड संशयित निघाला तर चारही सडांत ट्यूब सोडा. सडासडाप्रमाणे निवड करण्यावरही संशोधन चालू आहे, पण त्यासाठी प्रयोगशाळेची साथ लागते. तुमच्या गोठ्यात गाय हेच एकक ठेवा. दोन्ही तपासण्यांत चारही सड स्वच्छ आणि वेतभर दगडी नाही, अशाच गायीला ट्यूबशिवाय फक्त सीलंट. आणि पहिलं वर्ष सीलंट नऊच्या नऊ गायींना भरा. बंद पडलेल्या सडात मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच सोडू नका. सीलंट प्रत्येक औषध दुकानात असेलच असं नाही, तेव्हा महिनाभर आधी डॉक्टरांना सांगून ठेवा.

हे सुरू करण्याआधी किमान चार-पाच गायींच्या दुधाचे नमुने पुण्यात औंधला, रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेत द्या. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, तीन धारा सोडा. निर्जंतुक बाटली आडवी-तिरपी धरा म्हणजे धूळ आत पडत नाही. त्यात धार घ्या, लगेच बर्फात ठेवा आणि २४ तासांत पोचवा. अहवालात स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी आला तर निवड वगैरे यंदा विसरा. हा जंतू धारेच्या हातांवरून आणि मशीनमधून गायीगायींत फिरतो, तो निपटेपर्यंत सगळ्यांनाच ट्यूब. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला तर त्या गायीची धार सगळ्यांत शेवटी काढा. हा जंतू पेशींच्या आत आणि गाठींत दडून बसतो, दुधातल्या गायीत सहसा हाती लागत नाही. भाकड काळात औषध जास्त दिवस राहतं, म्हणून त्याला गाठायची तीच चांगली संधी. तरीही जुनी गाय, तीन-चार सडांत लागण, गाठ हाताला लागते, अशी स्थिती असेल तर ट्यूबमागून ट्यूब खर्चून हाती काही येत नाही. तिचा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या, आणि कृपा करून ती न सांगता दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवू नका.

ट्यूब आणि सीलंट सोडण्याची रीत सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सीलंटमध्ये औषध नसल्यामुळे तुमच्या हातून जंतू आत गेला तर तो दोन महिने आतच कोंडला जातो. घाईत आणि घाणीत सीलंट भरल्यामुळे गायी दगावल्याच्याही नोंदी आहेत. धार काढायच्या गर्दीत हे काम करू नका. धारा उरकू द्या, मग आटवायची गाय वेगळी बांधा. एका वेळी एक-दोनच गायी. हातमोजे घाला. शेवटची धार पूर्ण काढा, सड टीट डिपमध्ये, म्हणजे सडासाठीच्या जंतुनाशक द्रावणात, बुडवा, अर्धं मिनिट थांबा आणि कोरड्या कागदानं पुसा. मग प्रत्येक सडाला ७० टक्के स्पिरिटचा वेगळा बोळा घेऊन फक्त टोक घासा. बोळा पांढरा निघेपर्यंत नवा घेत राहा. तुमच्यापासून लांबचे दोन सड आधी पुसा, जवळचे नंतर. ट्यूब सोडताना क्रम उलटा, आधी जवळचे, मग लांबचे. नाहीतर लांबच्या सडाकडे हात नेताना बाही जवळच्या पुसलेल्या सडाला घासते.

ट्यूबचं टोक सडात फक्त ३-४ मिलिमीटर जाऊ द्या. पूर्ण घुसवलं तर नळीतलं केराटिन खरवडलं जातं आणि बाहेरचे जंतू वर ढकलले जातात. प्रतिजैविकाची ट्यूब रिकामी झाली की सड खालून वर चोळा, औषध कासेत चढू द्या. सीलंटचं याच्या बरोबर उलट : सडाचं मूळ, म्हणजे कासेला लागून असलेला भाग, दोन बोटांत घट्ट दाबून धरा आणि पेस्ट खाली सडातच राहू द्या. चोळायचं नाही. दोन्ही द्यायची असतील तर आधी प्रतिजैविक, चोळणं झालं की पुन्हा स्पिरिट, मग सीलंट. शेवटी टीट डिप. हिवाळ्यात पेस्ट घट्ट होते म्हणून ट्यूब गरम पाण्यात बुडवू नका. त्या पाण्यातले जंतू टोकावर बसून थेट आत जातात. खिशात ठेवली तरी ती मऊ होते.

गाय लगेच बसू नये म्हणून गव्हाणीत वैरण टाका, अर्धा ते एक तास ती उभी राहायला हवी. पुढचे दोन-तीन दिवस कास फुगलेली दिसेल. जीव कळवळतो हे खरं, पण ‘थोडं मोकळं करू’ म्हणून एकदा जरी धार काढली तरी सीलंट बाहेर येईल आणि दूध पुन्हा सुरू होईल. एक सड लाल, गरम, बाकीच्यांहून वेगळा सुजलेला, किंवा गाय वैरण सोडून तापलेली दिसली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टर बोलवा किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा.

मुक्त संचार गोठ्याबद्दल एक काळजी. जूननंतर त्याच्या एका कोपऱ्यात रबडी होते आणि भाकड गायी तिथेच बसतात, कारण त्यांच्याकडे दिवसातून दोनदा कोणी पाहत नाही. ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे जंतू अशाच ओल्या शेणात वाढतात. आटवलेल्या गायींसाठी मुरूम टाकून उंच केलेला वेगळा कप्पा करा, पाणी वाहून जाईल असा उतार द्या, शेण रोज ओढा. आटवल्यानंतरचे पहिले आणि व्याईच्या आधीचे शेवटचे पंधरा दिवस धारेच्या गायींसारखा टीट डिप करायला हरकत नाही. गळीत हंगामात उसाचे वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात म्हणून भाकड गाय त्यांच्यावरच काढतात, तेही टाळा. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं. आणि व्याईच्या वेळी रक्तात कॅल्शियम कमी पडलं की सडाचं तोंड मिटवणारा स्नायूच ढिला पडतो. कडबा मिसळा, खनिज मिश्रण द्या आणि त्यात जीवनसत्त्व ई व सेलेनियम आहे ना, ते पाहा.

कोरफडीबद्दल. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना वाटून दिवसातून दहा वेळा पाच दिवस कासेला लावायचा लेप राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानंही पशुपालकांपर्यंत पोचवला आहे. तो सुजलेल्या कासेसाठी, दुधातल्या गायीसाठी आहे. सुरुवातीच्या दगडीत डॉक्टरांना सांगून जरूर वापरा. पण तो लावल्यानं सडाचं तोंड बंद होत नाही, म्हणून आटवताना सीलंटच्या जागी तो धरता येणार नाही. त्यातून ट्यूब सोडायच्या दिवशी सडावर चिकट लेप असणं म्हणजे स्पिरिटचं काम दुप्पट.

गाय व्याली की पहिल्या धारेआधी प्रत्येक सडातून दहा-बारा धारा हातानं काढा, मशीन तोवर लावू नका. पांढुरकी, पुट्टीसारखी पेस्ट बाहेर येईल आणि पुढचे काही दिवस तिचे कण दिसतील. त्याला दगडीची गाठ समजून पुन्हा ट्यूब सोडणाऱ्यांनी सावध राहा. सीलंटचा कण बोटांत चिकटतो आणि पसरतो, दगडीची गाठ दह्यासारखी तुटते, शिवाय सड दुखरा असतो. वासराच्या पोटात थोडं सीलंट गेलं तरी काही होत नाही. सीएमटी पाचव्या दिवसानंतर करा, चिकाच्या दिवसांत ती प्रत्येक गाय दोषी दाखवते.

आणि ज्या गायींना प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, त्यांच्या नावापुढे वहीत तारीख आणि ट्यूबचं नाव लिहा. लेबलवर सोडल्यापासून किती दिवस आणि व्याल्यानंतर किती धारा दूध घालायचं नाही ते छापलेलं असतं. गाय तारखेआधी व्याली तर ते दिवस पुरे होईपर्यंत तिचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाऊ देऊ नका, एका गायीचं दूध अख्खा कॅन खराब करायला पुरतं. त्या वासरालाही शक्य तर दुसऱ्या गायीचा चीक पाजा.